हमी कुठल्या गावची?

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीनं प्लेअर उलटा केला. पाठीवरचा क्रमांक मुंगीच्या पायाएवढा. तिनं मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला, आकडे मोठे करून संगणकात टाकले, पुन्हा एकदा टाकले आणि पडद्याकडे बघतच म्हणाली, "सर, हा नंबर आपल्याकडे दाखवत नाहीये." मी हाँगकाँगचं बिल पुढे केलं. तिनं ते नीट वाचलं, तारीख पाहिली, खरेदीला आठच महिने झाल्याचं मान्य केलं. "बिल बरोबर आहे सर. पण पीस आपला नाही."

प्लेअरचा डावा कान गेला होता. म्हणजे डावीकडचा आवाज मध्येच नाहीसा व्हायचा. पिन जरा फिरवली की यायचा, खिशात टाकला की पुन्हा गायब. तबला उजवीकडे वाजतोय आणि डावीकडचा तानपुरा घरी गेलाय, अशी ती मैफल. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या खुर्चीत दुसऱ्या कुठल्या कंपनीची मुलगी असती तरी हेच म्हणाली असती. बोर्ड तोच, लोगो तोच, खोक्याचा रंगसुद्धा तोच, आणि तरी 'आपला नाही'. परक्या देशात गाणी ऐकायचं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकानं हे दोन शब्द आधी समजून घ्यायला हवेत.

आपली समजूत अशी असते की हमी वस्तूला चिकटलेली असते, जसा रंग चिकटलेला असतो. प्रत्यक्षात ती व्यवहाराला चिकटलेली असते. कोणी, कोणाला, कुठल्या देशात विकलं, यावर ती ठरते. जगभर एकच नाव मिरवणारी कंपनी आतून बहुतेक वेळा एक नसते. हाँगकाँगची शाखा वेगळी, भारतातली वेगळी. लहान कंपन्यांची तर भारतात शाखाच नसते, असतो तो वितरक. हा वितरक माल आयात करतो, त्यावर कर भरतो, आपला नफा धरून विकतो आणि त्याच नफ्यातून वर्षभराच्या फुकट दुरुस्त्यांचा खर्च काढतो. मी हाँगकाँगमध्ये घेतलेल्या पिसावर त्याला एक पैसा मिळालेला नसतो. मग त्यानं माझा डावा कान का दुरुस्त करायचा? रागावून झाल्यावर शांतपणे विचार केला, तर त्याचं म्हणणं शेजारच्या बिल्डिंगमधल्या सोसायटीसारखं आहे. वर्गणी तिकडे भरलीत, तर पाणीही तिकडेच मागा.

म्हणून त्यांच्या संगणकात क्रमांकांची यादी असते. कुठला क्रमांक कुठल्या देशासाठी कारखान्यातून निघाला, याची नोंद. भारतात अधिकृतपणे आलेल्या मालावर आणखी एक खूण असते. आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेलं स्टिकर. वजन-मापांच्या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांमुळे ते लावावंच लागतं. खोक्यावर ते साधं पांढरं चिटोरं नसेल, तर इथल्या कंपनीच्या लेखी तो माल देशात आलेलाच नाही. हे भारतातल्या भारतात खरेदी करतानाही उपयोगी आहे, कारण 'बाहेरचा पीस आहे, चार हजार कमी लावतो' हे वाक्य लॅमिंग्टन रोडवरही ऐकू येतं.

देशागणिक वेगळं असणं हे या यंत्राच्या जन्मापासूनच आहे. सोनीनं पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विकायला काढला, किंमत ३३ हजार येन. अमेरिकेत तोच डबा 'साउंडअबाउट' म्हणून गेला, ब्रिटनमध्ये 'स्टोअवे' आणि स्वीडनमध्ये 'फ्रीस्टाइल'. वॉकमन हे मोडकंतोडकं इंग्रजी परदेशात चालायचं नाही, अशी भीती होती. शेवटी लोक जपानहून येताना 'वॉकमन'च घेऊन आले आणि सगळीकडे तेच नाव करावं लागलं. परदेशातून प्लेअर आणणाऱ्या प्रवाशांनी एका कंपनीला नाव ठरवून दिलं, असंही म्हणता येईल. हमीपत्र मात्र त्यांना कोणी दिलं नाही.

आपल्याकडे त्या काळात हमीचा प्रश्नच नव्हता. आखातातून कोणी टू-इन-वन आणला, किंवा मुंबईत मुसाफिरखाना, हिरा-पन्ना असं फिरून 'फॉरेनचा' वॉकमन मिळवला, तर बिल मागणं हाच वेडेपणा ठरला असता. बिघडला की कोपऱ्यावरचा रेडिओवाला. कॅसेट प्लेअर उघडता येत असे, आतला रबरी पट्टा डोळ्यांनी दिसत असे, तो बदलला की गाणं पुन्हा सरळ. आता तसं राहिलेलं नाही. आजच्या प्लेअरच्या पोटात एक हिरवी पाटी, तिच्यावर मोहरीएवढे भाग आणि गोंदानं चिकटवलेली बॅटरी.

फोन असताना वेगळा प्लेअर हवाच कशाला, हा प्रश्न मला घरीही विचारला जातो. उत्तर थोडक्यात: २०१६ च्या आयफोन ७ पासून फोनांना पिनेचं भोक नाहीसं होऊ लागलं, आणि ज्यांच्याकडे चांगले वायरचे हेडफोन आहेत ते अडकले. अशांसाठी दक्षिण कोरियाची ॲस्टेल अँड कर्न, चीनची फिओ, जपानची सोनी अशा कंपन्या अजून खास प्लेअर काढतात. त्यांची सगळी मॉडेलं भारतात येतातच असं नाही, आणि येतात ती महाग पडतात. मग भाचा सिंगापूरला असतो, मुलगी सॅन होजेला असते किंवा आपणच टोकियोची सहल काढतो, आणि यादीत एक ओळ वाढते.

हाँगकाँगच्या बाजारात हा सगळा मामला दोन शब्दांत मांडलेला आहे. तिथे मालाच्या दोन जाती मानतात. एक अधिकृत एजंटामार्फत आलेला, त्याला पेढीचा माल म्हणू. दुसरा व्यापाऱ्यांनी परस्पर दुसऱ्या देशातून आणलेला, त्याला ते शब्दशः 'पाण्याचा माल' म्हणतात. पाण्याचा माल चोरीचा नसतो, नकलीही नसतो. खरा असतो, फक्त आडवाटेनं आलेला. मोंग कोकच्या त्या दुकानात विक्रेत्यानं माझ्यासमोर एकसारखी दोन खोकी ठेवली आणि दोन वेगवेगळे आकडे कॅल्क्युलेटरवर दाखवले. मी स्वस्तातलं उचललं. बिलावर त्यानं एक शिक्का मारला, तो चिनीत होता. मला वाटलं हमीचाच असणार. हॉटेलवर आल्यावर फोनवरून भाषांतर केलं. दुकानाची हमी, सात दिवस.

यात त्यानं मला फसवलं नाही, हे नमूद करायला हवं. मी विचारलं नाही. 'वॉरंटी आहे का' असं विचारलं तर जगातला कुठलाही दुकानदार मान हलवतो. विचारायचं असतं ते असं: हमी कोण देतंय, कंपनी की तुम्ही? कुठल्या देशात चालेल? आणि हे कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवा. जपानमध्ये हमीपत्रावर खरेदीची तारीख आणि दुकानाचा शिक्का लागतो. मोकळं हमीपत्र म्हणजे नुसता छापील कागद. आपल्याकडेही पूर्वी पंख्याच्या आणि मिक्सरच्या कार्डावर असाच शिक्का लागायचा आणि तो मारून घ्यायला आपण नेमके विसरायचो.

फसवणूक कशी असते, तेही सांगतो. सिंगापूरच्या सिम लिम स्क्वेअर या इलेक्ट्रॉनिक्सच्या इमारतीत नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हिएतनामहून आलेल्या एका कामगार पर्यटकानं ९५० सिंगापुरी डॉलरला फोन घेतला. पैसे दिल्यावर दुकानानं त्याच्याकडे आणखी १,५०० डॉलर मागितले, हमीचे! म्हणजे वस्तूपेक्षा हमी महाग. तो माणूस गुडघे टेकून पैसे परत मागतोय, अशी चित्रफीत जगभर गेली. पुढच्या वर्षी दुकानाच्या मालकाला ३३ महिन्यांची कैद झाली. या प्रकारात युक्ती एकच असते. आधी पैसे घ्यायचे, मग न वाचता सही केलेला कागद पुढे करायचा. तेव्हा सही करण्याआधी बिलावरची प्रत्येक ओळ वाचावी आणि 'वॉरंटी' या शब्दासमोर रक्कम दिसली, तर खोकं तिथेच ठेवून बाहेर पडावं.

पाण्याचा माल आपल्या कायद्यालाही ठाऊक आहे. सॅमसंगचे प्रिंटर बाहेरून परस्पर आणून विकण्यावरून दिल्ली उच्च न्यायालयात खटला झाला. २०१२ मध्ये खंडपीठानं अशा आयातीला मुभा दिली, पण विक्रेत्यानं दुकानात ठळक पाटी लावावी अशी अट घातली. माल आयात केलेला आहे, कंपनी त्याची हमी देत नाही, दुरुस्तीही करत नाही, जी काही हमी आहे ती आमची. थोडक्यात, विकणं कायदेशीर, आणि 'आपला नाही' म्हणणंही कायदेशीर. सर्व्हिस सेंटरच्या मुलीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो याचमुळे.

युरोपात उलटा प्रकार आहे. तिथे कंपनीच्या हमीपलीकडे कायद्याचीच किमान दोन वर्षांची हमी असते आणि ती द्यायची जबाबदारी दुकानदाराची. बर्लिनमध्ये घेतलेला प्लेअर दीड वर्षानं बिघडला तर हक्क शाबूत आहे, फक्त तो बजावायला बर्लिनच्या दुकानात जायला हवं. तिथे राहणाऱ्या भाच्याला याचा उपयोग आहे, आठ दिवसांच्या प्रवाशाला जवळपास नाही.

हमीवर एवढं बोलतोय, पण कधी कधी देश बदलला की वस्तूच बदलते. फ्रान्समध्ये कानाच्या काळजीपोटी आवाजाची मर्यादा १०० डेसिबलवर घातली होती, त्यामुळे २००२ मध्ये आयपॉडची विक्री तिथे थांबवावी लागली आणि आवाज कमी करणारी दुरुस्ती केल्यावरच तो परत आला. २०१३ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेअरचा आवाज सुरुवातीला ८५ डेसिबलवर अडवलेला असतो. त्यापुढे जायचं तर इशारा वाचून स्वतः वाढवायचा, तोही मर्यादेतच. जड हेडफोन चालवणाऱ्याला असा पीस मिळमिळीत वाटतो आणि तो 'खराब निघाला' म्हणून तक्रार करतो. जपानसाठी बनलेल्या सोनीच्या जुन्या वॉकमनमध्ये मेन्यू फक्त जपानी असत. गाणं लावायचं सोडून आपण चित्रलिपीशी झटापट करत बसणार. परदेशी गिऱ्हाइकांसाठीची भाषा बदलता येणारी मॉडेलं वेगळी असत आणि करमुक्त दुकानांत वेगळ्या किमतीला मिळत.

रेडिओची गंमत तर आणखी वेगळी. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि जुन्या यंत्रांवर ९० ला संपतो. आपल्या शहरांतली खासगी केंद्रं ९१.१ पासून पुढे. पुण्याची विविधभारती १०१ वर. म्हणजे अशा यंत्रावर काटा कितीही फिरवा, आपल्या गावात खरखरच. आणि वीज: जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. आजचे चार्जर दोन्ही खातात, पण तिथल्या जुन्या धाटणीच्या अडॅप्टरवर नुसतं '१०० व्होल्ट' लिहिलेलं असलं आणि तो आपण इथल्या भिंतीत खुपसला, तर वासावरूनच निकाल कळतो. हे कुठल्याही देशाच्या हमीत बसत नाही.

मुळात हमीत बसतं तरी काय? निर्मितीतला दोष. पडणं, भिजणं, चेपणं यांतलं काही नाही. बऱ्याच यंत्रांच्या पोटात एक बारीक पांढरी टिकली असते, ओल लागली की ती लाल होते. जुलैत लोकलनं प्रवास करणाऱ्या माणसाच्या खिशातली टिकली किती दिवस पांढरी राहील, हे कारखान्यातल्या साहेबाला माहीत नसावं. बॅटरीला पुष्कळदा वेगळी, कमी मुदतीची हमी असते, कारण ती झिजणारी गोष्ट धरतात. काही शे वेळा भरून रिकामी झाली की तिची ताकद घटणारच. पहिल्या आयपॉडांच्या बॅटऱ्या लवकर बसू लागल्या तेव्हा अमेरिकेत गिऱ्हाइकांनी एकत्र दावे लावले, आणि २००५ मध्ये कंपनीनं ५० डॉलरच्या व्हाउचरसारख्या भरपाईवर तडजोड केली. माझ्या प्लेअरचं पिनेचं भोक तर दोन्हीकडच्या मधोमध. कंपनी म्हणणार तुम्ही ओढाताण केली, मी म्हणणार तुमचं डाख कच्चं.

तरीही बाहेर घेणं शहाणपणाचं ठरू शकतं, पण हिशेब नीट मांडायला हवा. समजा, इथे प्लेअर ६० हजारांना आहे आणि तिथे ४८ हजारांना. मधले १२ हजार ही बचत नाही. 'बिघडला तर माझं मी बघीन' असं म्हटल्याबद्दल बाजारानं तुम्हाला दिलेला तो मोबदला आहे. फरक तीनच हजारांचा असेल तर इथेच, बिल घेऊन, स्टिकर बघून घ्यावा. शिवाय तो फरक खोक्यावरच्या किमतीतून काढू नये. हाँगकाँगमध्ये विक्रीकर नाही. जपानमध्ये १० टक्के आहे आणि प्रवाशाला त्यातून सूट मिळते. सिंगापूरचा ९ टक्के विमानतळावर परत मागता येतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पाटीवरच्या किमतीत कर धरलेलाच नसतो आणि प्रवाशाला तो सहसा परतही मिळत नाही, हे गल्ल्यावर गेल्यावर कळतं. कार्ड घासताना यंत्र विचारतं, रुपयांत की स्थानिक चलनात? आपुलकीनं रुपये दाबले की वाईट दर लागतो.

मग परतताना आपला कस्टम. २०१६ च्या बॅगेज नियमांत ५० हजारांपर्यंतचा माल करमुक्त ठरवला होता आणि त्यापुढच्या रकमेवर कर जबरदस्त होता. असे आकडे सरकार बदलत असतं, म्हणून निघायच्या आठवड्यात पाहून घ्यावेत. एक गैरसमज मात्र जुना आणि चिवट आहे: नवरा-बायकोची सूट एकत्र करून एक महागडी वस्तू आणता येते. येत नाही. सूट माणशी असते, जोडून मिळत नाही. आणि इथूनच महागडा प्लेअर घेऊन परदेशी निघाला असाल, तर जाताना विमानतळावर कस्टमकडून तशी नोंद करून घ्यावी, म्हणजे येताना 'हा कुठे घेतला' याला उत्तर राहतं. बिघडलेला पीस दुरुस्तीला मूळ देशात धाडायचा असेल तरीही इथून गेल्याचे कागद जपावे लागतात, नाहीतर परत येताना तो नवीन म्हणून कर भरायला लावतात. त्यात आत लिथियमची बॅटरी असली की कुरिअरवाले कुरकुरतात. त्यापेक्षा पुढच्या दिवाळीत येणारा भाचा बरा.

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट अगदी साधी आहे. आपण खरेदी शेवटच्या दिवशी करतो. बॅग भरायची असते, उरलेले पैसे मोजायचे असतात. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं बिघडणं मात्र वर्षभर सारखं पसरलेलं नसतं. अभियंते त्याचा आलेख काढतात तो न्हाणीच्या टबासारखा दिसतो, सुरुवातीला उंच, मधे लांबलचक सपाट, शेवटी पुन्हा चढ. कच्चा भाग, सुटलेलं डाख, हे बहुतेक वेळा पहिल्या दिवसांतच उघडं पडतं. म्हणजे प्लेअर सहलीच्या पहिल्या दिवशी घ्यायचा आणि उरलेले सहा दिवस त्याला दामटायचा. रात्रभर वाजत ठेवायचा, बॅटरी दोनदा पूर्ण रिकामी करायची, दोन्ही भोकांत पिन पन्नासदा घालून काढायची, कार्ड टाकून बघायचं. मोंग कोकच्या दुकानदाराची सात दिवसांची हमी तेवढ्यासाठी पुरेशी होती. अमेरिकेत तर बऱ्याच मोठ्या दुकानांत ठरावीक दिवसांत कारण न सांगता वस्तू परत करता येते. मी मात्र खोकं सीलबंद ठेवलं आणि पुण्यात येऊन, हातपाय धुऊन, कौतुकानं उघडलं.

शेवटी गेलो बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या बाजूला, एका लाकडी जिन्यानं वर. खोलीत पंखा बंद, कारण वाऱ्यानं बारीक भाग उडतात. त्या मुलानं प्लेअर भिंगाखाली धरला, पाठ गरम करून गोंद सैल केला, प्लास्टिकच्या पात्यानं कड उचलली. "काका, बघा." मी डोळा लावला. पिनेच्या भोकाचे पाच पाय पाटीवर बसवलेले. त्यातल्या एकाभोवती केसाएवढी गोल चीर. तेवढ्या चिरेत माझा तानपुरा अडकला होता. त्यानं जुनं डाख चोखून काढलं, नवीन ओतलं, तार लावून दोन्ही बाजू वाजवून दाखवल्या. सहाशे रुपये.

"याची काही गॅरंटी?" मी सवयीनं विचारलं.

त्यानं व्हिजिटिंग कार्ड उलटं केलं, बॉलपेननं तारीख घातली आणि लिहिलं: डावी बाजू, ३ महिने. खाली सही. मग ड्रॉवरमधून शिक्का काढून, त्यावर फुंकर घालून, तोही मारला.

"आणि उजवी?"

"उजवी मी कुठं उघडलीय, काका?"